टेलनेट ते पुट्टी: दूरच्या संगणकात शिरण्याचा इतिहास

दूरच्या यंत्रावर लॉग-इन करून देणाऱ्या प्रोग्रामला क्लायंट म्हणतात. त्याचे काम एका वाक्यात सांगता येते: वापरणाऱ्याने दाबलेली कळ टिपायची, ती नेटवर्कवरून पलीकडच्या यंत्राकडे पोचवायची आणि तिकडून येणारी अक्षरे पडद्यावर उमटवायची. एवढेसे काम नीट जमायला मात्र काही दशके लागली. दाबलेले अक्षर कोणी उमटवायचे, कंट्रोल-सी दाबल्यावर नेमके कोणते यंत्र थांबायचे, पलीकडचे यंत्र खरोखर आपलेच आहे हे कसे ओळखायचे, हे प्रश्न कागदावर सुटले नाहीत. बहुतेकांची उत्तरे काहीतरी बिघडल्यावरच सापडली.

१९६० च्या दशकात संगणक मोजके आणि महाग होते. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत, म्हणजे टाइम-शेअरिंग, एमआयटीमध्ये १९६१ साली सीटीएसएस या प्रणालीच्या रूपाने लोकांसमोर आली. वापरणाऱ्यासमोर असायचा तो टेलिटाइप. कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापणाऱ्या मॉडेल ३३ या प्रसिद्ध टेलिटाइपचा वेग सेकंदाला दहा अक्षरे होता. टेलिफोनच्या तारेने तो एका ठरावीक संगणकाला जोडलेला असे, त्यामुळे दुसरा संगणक वापरायचा तर दुसरा टेलिटाइप घ्यावा लागे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील आर्पा या संस्थेत बॉब टेलर यांच्या कार्यालयात असे तीन टर्मिनल होते: एक सांता मोनिकाच्या यंत्राचे, एक बर्कलीचे, एक एमआयटीचे. तिन्हींच्या आज्ञा वेगळ्या, लॉग-इनची रीत वेगळी. एकाच टर्मिनलवरून तिन्ही ठिकाणी का जाता येऊ नये, या टेलर यांच्या प्रश्नातून १९६६ साली अर्पानेटच्या कामाला चालना मिळाली. म्हणजे इंटरनेटच्या या पूर्वजाच्या मुळाशी दूरस्थ लॉग-इनचीच गरज होती. ईमेल आणि वेब फार पुढच्या गोष्टी.

अर्पानेटवरचा पहिला संदेशही लॉग-इनचाच प्रयत्न होता. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या यंत्रात शिरू पाहत होता. पलीकडे बिल डुव्हॉल बसले होते. क्लाइनने एल टाइप केला, तो पोचला. ओ टाइप केला, तोही पोचला. जी टाइप करताच पलीकडची प्रणाली कोसळली. कारण फार बोलके आहे. 'लॉग' एवढी अक्षरे मिळताच स्टॅनफर्डचे यंत्र 'लॉगिन' हा शब्द स्वतःच पूर्ण करून उरलेली अक्षरे एकदम परत पाठवत असे, आणि मधल्या प्रोग्रामने एका वेळी एकच अक्षर येईल असे गृहीत धरले होते. दुरुस्ती होऊन सुमारे तासाभरात लॉग-इन पूर्ण झाले. पलीकडून किती अक्षरे येतील याबद्दल काहीही गृहीत धरू नये, हा क्लायंट लिहिणाऱ्याचा पहिला नियम त्या रात्रीच सिद्ध झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टीव्ह कार यांनी लिहिलेल्या आरएफसी १५ या टिपणात टेलनेटची कल्पना मांडली गेली होती. अडचण टर्मिनलांच्या विविधतेची होती. कोणाचे यंत्र ओळ संपली की एक खूण पाठवी, कोणाचे दोन. कुठे अक्षरांची सांकेतिक यादी आस्कीची, कुठे आयबीएमची. प्रत्येक यंत्राला इतर सगळ्या टर्मिनलांची भाषा शिकवणे अशक्य होते. त्यामुळे टेलनेटने एक काल्पनिक टर्मिनल कल्पिले. क्लायंटने आपल्या खऱ्या टर्मिनलचे रूपांतर या काल्पनिक टर्मिनलात करायचे, सर्व्हरने त्या काल्पनिक टर्मिनलाशी बोलायचे, आणि दोघांनीही एकमेकांच्या खऱ्या स्वरूपाची चौकशी करायची नाही.

पण काल्पनिक टर्मिनल अगदी साधे होते, आणि चांगली यंत्रे जोडलेली असताना त्याच साधेपणात अडकून पडणे कोणालाच मान्य नव्हते. १९७३ च्या सुमारास टेलनेटमध्ये वाटाघाटीची पद्धत आली, आणि या प्रोटोकॉलमधला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. चार शब्दांत सगळा व्यवहार होतो: मी हे करीन, मी हे करणार नाही, तू हे कर, तू हे करू नकोस. प्रत्यक्षात ते आकडे असतात. सर्व्हर २५५, २५१, १ असे तीन बाइट पाठवतो. २५५ म्हणजे पुढे मजकूर नसून आज्ञा आहे, २५१ म्हणजे 'मी करीन' आणि १ हा प्रतिध्वनीच्या पर्यायाचा क्रमांक. अर्थ असा की टाइप केलेली अक्षरे सर्व्हर परत पाठवील, ती क्लायंटने स्वतः उमटवू नयेत. क्लायंटला मान्य असेल तर तो २५५, २५३, १ असे उत्तर देतो. नसेल तर २५३ च्या जागी २५४. मजकुरातच २५५ हा बाइट आला तर तो दोनदा पाठवायचा. हा व्यवहार झाल्यावर वापरणाऱ्याने दाबलेले प्रत्येक अक्षर दूरवर जाऊन परत येते आणि मगच दिसते. पासवर्ड टाइप करताना पडदा कोरा राहतो तो याचमुळे: त्या वेळी सर्व्हर अक्षरे परत पाठवतच नाही.

या चार शब्दांत एक सापळा होता. दोन्ही बाजू एकाच वेळी काही सुचवू लागल्या आणि प्रत्येक सूचनेला उत्तर देत राहिल्या, तर होकार-नकारांची फेरी कधीच थांबत नाही. जी स्थिती आधीच आहे तिला पुन्हा दुजोरा देऊ नये, असा नियम होता. तरीही अनेक क्लायंट या फेऱ्यात अडकत. १९९० साली डॅनियल बर्नस्टाइन यांनी आरएफसी ११४३ मध्ये प्रत्येक पर्यायासाठी कोणत्या अवस्था लक्षात ठेवायच्या आणि कोणती विनंती रांगेत थांबवायची याची तक्ताबद्ध पद्धत दिली. मूळ नियम लिहिले गेल्यानंतर तब्बल सतरा वर्षांनी असे टिपण लिहावे लागले, यावरून चार शब्दांची ही देवाणघेवाण प्रोग्राममध्ये उतरवणे किती अवघड होते ते कळते. टेलनेटचे स्थिर रूप जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी मे १९८३ मध्ये आरएफसी ८५४ म्हणून प्रसिद्ध केले. त्याचा पोर्ट क्रमांक २३.

अक्षर दूरवरून परत येण्याची किंमत नेटवर्कला मोजावी लागे. टीसीपी/आयपीमध्ये प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर ४० बाइटची माहिती असते. एक कळ दाबली की एका बाइटच्या मजकुरासाठी ४१ बाइट धावतात. फोर्ड एरोस्पेसमधील जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ च्या आरएफसी ८९६ मध्ये हा हिशेब मांडला आणि उपाय सुचवला: आधी पाठवलेल्याची पोच येईपर्यंत नवी अक्षरे साठवून ठेवावीत आणि मग एकदम सोडावीत. गर्दीच्या जाळ्यांना या उपायाने मोठा दिलासा मिळाला. मात्र बाण-कळा दाबून फायलीत फिरणाऱ्याला तो अडखळल्यासारखा जाणवतो, म्हणून लॉग-इनचे क्लायंट पुढे बहुधा तो बंद करू लागले.

युनिक्सवर क्लायंट लिहिणाऱ्यासमोर आणखी एक पेच होता. कळफलक आणि नेटवर्क, दोन्हीकडून केव्हाही काहीही येऊ शकते. एकाची वाट पाहत बसले तर दुसरे खोळंबते. जुन्या 'सीयू' या प्रोग्रामने स्वतःच्या दोन प्रती करून यावर मात केली होती, एक पाठवणारी आणि एक वाचणारी. १९८३ च्या ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत 'सिलेक्ट' ही सोय आली आणि एकाच प्रोग्रामला दोन्हींकडे कान ठेवता येऊ लागले. कळांचा प्रश्न वेगळाच होता. कंट्रोल-सी दाबले की स्थानिक यंत्र क्लायंटलाच बंद करून टाकी. म्हणून क्लायंटने सुरू होताच स्थानिक टर्मिनल 'रॉ' अवस्थेत न्यायचे, जेणेकरून प्रत्येक कळ जशीच्या तशी पलीकडे जाईल, आणि बाहेर पडताना आठवणीने पूर्ववत करायचे. पण सगळ्याच कळा पलीकडे गेल्या तर क्लायंट बंद कसा करायचा? टेलनेटने त्यासाठी कंट्रोल आणि चौकोनी कंस ही जोडी राखून ठेवली; सीयूने ओळीच्या सुरुवातीला टिल्ड आणि टिंब. हीच दुसरी खूण पुढे आरलॉगिन आणि नंतर एसएसएच या क्लायंटांनी घेतली. अडकलेले कनेक्शन तोडायला आजही तीच उपयोगी पडते.

आरलॉगिन हाही ४.२बीएसडीबरोबर आलेला. विद्यापीठातील एका यंत्रावरून शेजारच्या यंत्रावर जाताना पुन्हा पासवर्ड विचारू नये, ही त्यामागची सोय. कोणत्या यंत्रांवर विश्वास ठेवायचा त्यांची नावे एका फायलीत लिहिली की झाले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, जे मार्ग वापरले त्यांत यंत्रांचा हा परस्परविश्वासही होता.

दरम्यान टेलिटाइप मागे पडून पडद्याचे टर्मिनल आले होते. डीईसी कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० ने ८० स्तंभ आणि २४ ओळींची चौकट रूढ केली. एस्केप आणि चौकोनी कंसापुढे ठरावीक अक्षरे पाठवली की पडदा पुसला जाई, कर्सर हव्या त्या जागी जाई, अक्षरे ठळक होत. पीसी आल्यावर क्लायंटला या टर्मिनलचे सोंग घ्यावे लागले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्राने १९८६ मध्ये मॅक आणि पीसीसाठी काढलेला एनसीएसए टेलनेट यासाठी वर्षानुवर्षे वापरला गेला. व्हीटी१०० ची चौकट अजून टिकून आहे, आणि तिचा तोटा मराठी वाचकाला सहज जाणवतो: एका घरात एक अक्षर हा हिशेब देवनागरीच्या मात्रांना आणि जोडाक्षरांना पुरत नाही, त्यामुळे बऱ्याच टर्मिनल प्रोग्रामांत मराठी मजकूर विस्कटलेला दिसतो.

भारतात १९८६ पासून उभारल्या गेलेल्या अर्नेट या जाळ्यात मुंबईचे एनसीएसटी आणि आयआयटी हे सुरुवातीचे भागीदार होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा स्वस्तातले खाते 'शेल अकाउंट' असे. पीसीवर टर्मिनलचा प्रोग्राम सुरू करायचा, मोडेमने फोन लावायचा आणि व्हीएसएनएलच्या युनिक्स यंत्रावर लॉग-इन करून तिथूनच ईमेल आणि केवळ अक्षरी स्वरूपातले वेब पाहायचे. मुंबई-पुण्यातल्या अनेक विद्यार्थ्यांची इंटरनेटशी पहिली ओळख अशी दूरस्थ लॉग-इनमधून झाली.

टेलनेट आणि आरलॉगिन दोन्ही सगळा मजकूर उघडा पाठवत, पासवर्डसकट. त्या काळच्या इथरनेटवर एका तारेवरची सगळी यंत्रे एकमेकांची पॅकेटे वाचू शकत. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या सीईआरटी संस्थेने असे पासवर्ड मोठ्या प्रमाणावर टिपले जात असल्याचा इशारा दिला. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावरही पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडला. तिथले संशोधक तातू उलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून काही महिन्यांत सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच लिहिले आणि जुलैमध्ये मोफत खुले केले. एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता. उलोनेन यांनी तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांच्याकडून मंजुरी आली. वर्ष संपेपर्यंत ५० देशांत सुमारे २०,००० वापरकर्ते झाले होते.

एसएसएचने क्लायंटचे काम मुळापासून बदलले. मजकूर एन्क्रिप्ट करणे हा त्यातला अर्धाच भाग. सर्व्हर खरा आहे की मधे कोणी तोतया बसला आहे, हे ओळखण्याची जबाबदारी आता क्लायंटवर आली. प्रत्येक सर्व्हरची एक कायमची की असते. पहिल्या भेटीत क्लायंट तिचा ठसा दाखवून विचारतो, वापरणारा होकार देतो आणि की जपून ठेवली जाते. पुढच्या वेळी ती बदललेली दिसली तर क्लायंट ठळक इशारा देतो. पहिल्या भेटीतला ठसा पडताळून पाहणारे फार थोडे, ही या पद्धतीची उघड उणीव आहे. तरीही ती टिकली, कारण तिच्यासाठी कोणत्याही मध्यवर्ती संस्थेच्या परवान्याची गरज नव्हती.

उलोनेन यांनी डिसेंबर १९९५ मध्ये कंपनी काढली आणि पुढच्या आवृत्त्यांवरील अटी कडक होत गेल्या. तेव्हा ब्यॉर्न ग्रॉनवाल यांनी १.२.१२ ही मोकळ्या परवान्याची जुनी आवृत्ती दुरुस्त करायला घेतली, आणि तिच्यावरून ओपनबीएसडीच्या गटाने ओपनएसएसएच तयार केले. ते डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ बरोबर बाहेर पडले. आज बहुतेक युनिक्स आणि लिनक्स यंत्रांवर हेच असते.

विंडोजवर मात्र त्या काळी चांगला मोफत क्लायंट मिळणे कठीण होते. केंब्रिजचे सायमन टॅथम यांनी ती उणीव भरून काढली. मुळात टेलनेटसाठी लिहिलेल्या त्यांच्या प्रोग्राममध्ये एसएसएच आले आणि जानेवारी १९९९ पासून पुट्टी लोकांच्या हाती पडू लागले. एकच फाइल, इन्स्टॉल करण्याची गरज नाही, फ्लॉपीवर टाकून कुठेही न्यावे. कॉलेजच्या प्रयोगशाळांत आणि कंपन्यांत ते झपाट्याने पसरले ते याच साधेपणामुळे.

पुट्टीच्या आत एक सुंदर युक्ती आहे. एसएसएचचे लॉग-इन म्हणजे पायऱ्यांचा क्रम: आवृत्ती कळवा, की ठरवा, सर्व्हर तपासा, पासवर्ड द्या. वाचायला तो सरळ उतरतो, पण विंडोजचा प्रोग्राम असा सरळ चालत नाही. माउस हलला, खिडकी झाकली गेली, नेटवर्कवरून चार बाइट आले, असे निरोप येतील तसतसे त्याला वागावे लागते, आणि एखादे पॅकेट अर्धवट आले तर उरलेल्याची वाट पाहत थांबता येत नाही. थांबला तर खिडकी गोठते. नेहमीचा उपाय म्हणजे क्रमाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला क्रमांक देणे. त्यात मूळ क्रम वाचणाऱ्याला दिसेनासा होतो. टॅथम यांनी सी भाषेतल्या 'स्विच' या रचनेचा आधार घेतला. स्विचच्या शाखा लूपच्या मध्यातही ठेवता येतात, ही बाब १९८३ मध्ये टॉम डफ यांनी वेगळ्याच कामासाठी वापरली होती. टॅथम यांच्या मॅक्रोमुळे फंक्शन बाइट संपले की जिथे आहे तिथून परतते, परतताना ओळीचा क्रमांक लक्षात ठेवते आणि पुन्हा बोलावल्यावर थेट त्याच ओळीवर उडी घेऊन पुढे चालू लागते. फंक्शनची स्थानिक चले मात्र परतताना पुसली जातात, म्हणून जे टिकायला हवे ते वेगळे जपावे लागते. यावर त्यांनी २००० साली स्वतंत्र लेख लिहिला आणि प्रत्यक्षातले उदाहरण म्हणून पुट्टीचाच उल्लेख केला.

एसएसएचची पहिली आवृत्ती मजकूर बदलला गेला आहे का हे तपासायला सीआरसी-३२ ही कमकुवत बेरीज वापरत होती. १९९८ मध्ये या फटीतून मधेच मजकूर घुसवता येतो हे दाखवले गेले. तिच्यावर लावलेल्या ठिगळातच २००१ मध्ये आणखी गंभीर दोष निघाला. दुसऱ्या आवृत्तीची रचना नव्याने झाली होती. जानेवारी २००६ मध्ये ती आरएफसी ४२५० पासूनच्या मालिकेत मानक म्हणून प्रसिद्ध झाली. २००१ मध्येच संशोधकांनी आणखी एक बाब दाखवली: मजकूर एन्क्रिप्ट केलेला असला तरी दोन कळांमधल्या वेळेवरून काय टाइप झाले याचा अंदाज बांधता येतो. ओपनएसएसएचने त्यावर सर्वसाधारण उपाय आणला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, ९.५ या आवृत्तीत. आता कळा ठरावीक अंतराने पाठवल्या जातात आणि टाइप करणे थांबल्यावरही थोडा वेळ खोटी पॅकेटे जात राहतात.

प्रतिध्वनीच्या जुन्या प्रश्नाकडे २०१२ मध्ये एमआयटीतील कीथ विन्स्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी मॉश या क्लायंटमधून पुन्हा पाहिले. पलीकडून अक्षर परत येण्याआधीच मॉश अंदाजाने ते उमटवतो आणि अंदाज चुकला तर दुरुस्त करतो. त्यांच्या मोजणीत मोबाइल जाळ्यावर एसएसएचला कळ दिसायला मध्यक ५०३ मिलिसेकंद लागत होते. मॉशमध्ये ती जवळजवळ लगेच दिसे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्येच ओपनएसएसएचचा क्लायंट दिला. टेलनेट मात्र गेले नाही. २०१६ चे मिराई हे बॉटनेट टेलनेटच्याच पोर्टवरून, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरले होते.

एप्रिल २०२४ मध्ये पुट्टीत सापडलेला दोष या सगळ्या इतिहासाचे फलित आहे. पासवर्डऐवजी कीने लॉग-इन करताना क्लायंट सही करून ओळख पटवतो, आणि ईसीडीएसएसारख्या पद्धतीत अशा प्रत्येक सहीसाठी एक गुप्त आणि पुन्हा न येणारी संख्या लागते. जुन्या विंडोजवर यादृच्छिक संख्यांचा भरवशाचा स्रोत नव्हता, म्हणून टॅथम यांनी ती संख्या खासगी की आणि मजकूर यांच्यापासून एसएचए-५१२ ने काढण्याची वाट निवडली होती. त्या वेळच्या लहान कींसाठी ५१२ बिट पुरून उरत. पुढे ०.६८ या आवृत्तीत पी-५२१ प्रकारच्या की आल्या. त्यांना ५२१ बिट हवेत, मिळत होते ५१२. त्यामुळे वरचे नऊ बिट नेहमी शून्य राहिले, आणि सुमारे ६० सह्या हाती आल्या तर खासगी की काढता येते, हे बोखमच्या रूर विद्यापीठातील फाबियान बॉयमर आणि मार्कुस ब्रिंकमान यांनी दाखवले. तोच कोड वापरणारे फाइलझिला आणि विनएससीपीही त्यात सापडले. नव्या ०.८१ या आवृत्तीत दोष दूर झाला, पण जुन्या सह्या मागे घेता येत नाहीत. ०.६८ ते ०.८० पैकी कोणत्याही आवृत्तीत ज्यांनी ईसीडीएसए पी-५२१ की वापरली असेल त्यांनी केवळ प्रोग्राम अद्ययावत करून थांबू नये. ती की प्रत्येक सर्व्हरच्या यादीतून काढून टाकावी आणि नवी तयार करावी.